पाडण्याआधी एक पावसाळा
(इंदूरमधल्या मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘जुनं घर : दुरुस्ती की नवं बांधकाम? निर्णयाच्या कसोट्या’. वेळ पंचेचाळीस मिनिटं. इथून सराफ्याच्या खाऊगल्लीत जायचा बेत असलेल्यांनी घड्याळ बघू नये, भुट्ट्याचा कीस आपल्याआधी संपत नाही.

जुन्या घराबद्दल प्रत्येक कुटुंबात तीन पक्ष असतात. पुण्याला किंवा बेंगळुरूला गेलेला मुलगा म्हणतो, पाडा. आजी म्हणतात, माझ्यामागे काय ते करा. ठेकेदार म्हणतो, काकासाहेब, यात आता काही राम नाही. ठेकेदाराचं म्हणणं मी समजू शकतो, कारण त्याच्या मिस्त्रीला चुना मळता येत नाही. ज्याच्याकडे फक्त सिमेंटची गोणी आहे, त्याला चुन्याची भिंत आजारीच दिसणार.

माझं म्हणणं एका ओळीचं आहे. घर वयानं पडत नाही, पाण्यानं पडतं. तेव्हा पाणी कुठून येतंय, किती चढतंय, कुठे अडतंय हे एक पूर्ण पावसाळा आणि त्यामागचा उन्हाळा बघितल्याशिवाय ‘पाडा’ही म्हणू नका आणि ‘ठेवा’ही म्हणू नका.

हा वाद या गावाला नवा नाही. पॅट्रिक गेडिस हे नाव इथे अनेकांना माहीत आहे. मूळचा स्कॉटलंडचा जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार. होळकर दरबारानं त्याला इंदुरात बोलावलं आणि 1918 मध्ये त्याचा दोन खंडांचा अहवाल छापून झाला. त्या काळी प्लेगवर इंग्रजी अधिकाऱ्यांचा ठरलेला उपाय म्हणजे जुनी वस्ती पाडून मधून सरळ रुंद रस्ता काढणं. गेडिसचं म्हणणं उलट होतं : सडकं तेवढं काढा, बाकीचं दुरुस्त करा, उजेड-वारा आत येऊ द्या. शस्त्रक्रिया करा, पण रोगी शिल्लक राहील अशी.

आणि हे लोकांना पटवायला त्यानं काय केलं? भाषण दिलं नाही. (हसू नका, मला कळतंय.) 1917 च्या दिवाळीला मिरवणूक काढली. जाहीर केलं की मिरवणूक नेहमीच्या मार्गानं जाणार नाही. ज्या गल्ल्यांत सर्वांत जास्त घरं झाडलेली, रंगवलेली, दुरुस्त केलेली दिसतील, तिथूनच जाणार. मग काय विचारता! देव आपल्या दारावरून जावा असं कुणाला वाटत नाही? गल्लीगल्लीत चढाओढ लागली, कचऱ्याच्या गाड्या भरभरून बाहेर गेल्या. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, फुलं माळलेले सफाई कामगार होते. त्यांच्या मागून नगरदेवता. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. स्वच्छतेत इंदूर देशात पहिलं आलं ते 2017 मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी. आपल्याकडे फाइल हलायला वेळ लागतो.

गेडिसची गोष्ट मी जरा लांबवली, पण तिच्यात मुद्दा आहे. दुरुस्तीची पहिली पायरी बांधकामाची नसते, सफाईची असते. तुंबलेली पन्हळ, फुटलेली मोरी, गच्चीवर उगवलेलं पिंपळाचं रोप, भिंतीला लागून रचलेली माती. एवढं काढलं की निम्मी ओल जाते. आणि हे केल्याशिवाय घराची खरी प्रकृती कळतच नाही.

आता माझ्या आवडत्या तक्रारीकडे येतो. अध्यक्षांनी हे आधी ऐकलंय, त्यांनी डोळे मिटले तरी चालेल.

जुन्या भिंती 18 ते 24 इंच जाड, विटा किंवा काळा दगड, सांध्यात चुना नाहीतर माती. या भिंतींना ओलीचा अडसर नसतो, जमिनीतलं पाणी केशाकर्षणानं थोडं वर चढतंच. चुन्याच्या गिलाव्यातून ते वाफेनं बाहेर जातं. जेवढं चढतं तेवढं उडतं, म्हणून ओल जोत्याच्या आसपास राहते. एके दिवशी कुणीतरी म्हणतं, खालचा गिलावा सुटतोय, सिमेंटचा करून टाकू. चार फुटांपर्यंत सिमेंट लागतं. पाण्याची बाहेर जायची वाट बंद. पण चढणं थोडंच थांबतं? ते सिमेंटच्या वर जाऊन पाचव्या फुटावर उमटतं. मग सहा फुटांपर्यंत सिमेंट. मग ‘वॉटरप्रूफ’ रंग. मग त्यावर टाइल. आत भिंत ओलीचिंब, बाहेर टाइल चकचकीत. पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागामागे स्फटिक होऊन विटेचा भुगा करतात, त्यालाच आपण लोणा म्हणतो. दहा वर्षांनी टाइल काढली की वीट हातात येते, आणि सगळे म्हणतात, बघा, जुनं बांधकाम!

उपाय महाग नाही, फक्त सावकाश आहे. ओलीची रेघ जिथे दिसते त्याच्या दोन फूट वरपर्यंत सिमेंट काढा. छिन्नी तिरकी धरा, विटेचा पृष्ठभाग गेला तर ती दुप्पट पाणी पिईल. सांधे इंचभर खोल खरवडा. लोणा कोरड्या ब्रशनं झाडा, धुऊ नका, धुतलात तर क्षार परत आत. मग भिंत सुकू द्या. ढोबळ हिशेब इंचाला एक महिना. 18 इंची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असेल तर नऊ महिने. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून थोडं लवकर. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. पाहुणे येणार असतात.

नंतर चुना. निदान महिनाभर पाण्यात भिजलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग. ओलीच्या जागी वाळूतला एक भाग काढून सुरखी, म्हणजे विटेची पूड, घाला, नुसता चुना ओलीत घट्ट होत नाही. सुरखी जास्त भाजलेल्या विटेची नको. आधी दर्जा, म्हणजे खरवडलेले सांधे, भरा, मग गिलाव्याचे थर, एकेक थर अर्ध्या इंचाच्या आत. दोन थरांमध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्या. भिंत आधी भिजवायची, नंतर आठवडाभर ओलं गोणपाट लावायचं. मे महिन्याच्या उन्हात केलंत तर केसासारख्या भेगा पडणार, आणि मिस्त्री म्हणणार, चुना असाच असतो. चुना असा नसतो, घाई अशी असते. गूळ, मेथी, बेलफळाचं पाणी यांबद्दल नेहमी विचारतात. घाला, फायदा आहे, पण प्रमाण चुकलेल्या चुन्याला मेथी वाचवत नाही. शेवटी चुन्याचाच हात. त्यावर प्लॅस्टिक पेंट दिलात तर ही सगळी मेहनत व्यर्थ.

दुसरी गोष्ट भेगांची. इंदूर काळ्या मातीवर बसलंय. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. घराच्या कडेची माती आधी भिजते आणि आधी सुकते, मधली झाकलेली असते. म्हणून कडेच्या भिंती वर-खाली होतात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. भेग दिसली की लोक काचेची पट्टी चिकटवतात. काच फुटली की घाबरतात. काच फुटणं एवढंच सांगते की भेग हलली. ती पुन्हा मिटली का, हे काच सांगत नाही. त्यापेक्षा भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू बसवा आणि दर महिन्याच्या एक तारखेला व्हर्निअरनं, म्हणजे बारीक अंतर मोजायच्या पट्टीनं, अंतर मोजा. वहीत लिहा. मे महिन्यात जास्त आणि सप्टेंबरात कमी असेल तर घर श्वास घेतंय. जोत्याभोवती मीटरभर रुंद, बाहेर उतार असलेली फरसबंदी करा, झाडाच्या मुळांकडे बघा, भेग चुन्यानं भरा. आकडा ऋतू न बघता वाढतच गेला तर पाया खचतोय. मग आधी गटाराची आणि जमिनीखालच्या टाकीची गळती शोधा. पाया दोषी ठरवायच्या आधी नळ दोषी ठरवा.

भिंतीला पोट सुटणं हा वेगळा रोग. आपल्याला सुटतं ते सोडा. जुन्या जाड भिंतीत दोन बाजूंना चांगली चिणाई आणि मधे भराव असतो. दोन्ही बाजूंना बांधणारे आरपार दगड कमी असले, वरून पाणी शिरलं, की भराव खाली बसतो आणि दर्शनी बाजू बाहेर येते. ठोकून पाहा, पोकळ आवाज येतो. चुन्याचं पातळ द्रावण हळू दाबानं, खालून वर भरत जायचं आणि मधे मधे बंध घालायचे. ओळंबा लावा. 18 इंची भिंत एका मजल्यात तीन इंचांपेक्षा जास्त कललेली दिसली तर आधी टेकू, मग चर्चा.

चिठ्ठी आली आहे. ‘सात मिनिटे’ असं लिहिलंय, खाली दोन रेघा. म्हणजे ज्या कसोट्यांसाठी तुम्ही आलात त्या आता पळत पळत.

घर कोणत्या जातीचं, ते पाहा. सागवानी खांब-तुळयांचं असेल तर तुळईची भिंतीत गेलेली टोकं तपासा, मधला भाग नंतर. अणकुचीदार स्क्रूड्रायव्हर अर्धा इंच सहज घुसला तर तिथे लाकूड गेलंय. टोक कापून त्याच जातीचा तुकडा तिरक्या सांध्यानं जोडता येतो, अख्खी तुळई फेकायची नसते. ही घरं बहुतेक वेळा वाचवण्यासारखी.

फर्शी-गर्डरचं, म्हणजे लोखंडी गर्डरवर दगडी फरशा टाकलेलं, छत असेल तर गर्डरच्या टोकांचा गंज पाहा आणि गच्चीवरचा बोजा मोजा. प्रत्येक पिढी गळती थांबवायला एक कोबा टाकते. चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला सुमारे 200 किलो. 12 बाय 15 फुटांच्या खोलीवर तीन टनांहून जास्त. दोन पिढ्यांचे कोबे उतरवले की छताचा भार बराच हलका होतो.

खरी अडचण 1970 ते 1990 मधल्या स्लॅबच्या घरांची. ज्याला आपण ‘पक्कं’ म्हणतो ते. सळईवर आवरण कमी, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून सळईला गंजापासून जपणारा काँक्रीटचा क्षारगुण जातो, सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि स्लॅब पापुद्र्यानं सुटतो. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलीन, म्हणजे हा क्षारगुण रंगानं दाखवणारं रसायन, शिंपडा. गुलाबी झालं तर अजून जीव आहे. सळईपर्यंत रंग आलाच नाही आणि तीच गत सगळ्या खोल्यांत असेल, खांबांतही असेल, तर पाडणं शहाणपणाचं. एकाच न्हाणीघराखाली असेल तर गळती थांबवा, सळईच्या मागे पाऊण इंच मोकळं करून पॉलिमर मॉर्टरनं भरा. नुसता वरून गिलावा मारू नका, सहा महिन्यांत खाली.

पैशाचा माझा ठोकताळा : दुरुस्तीचा खर्च तेवढ्याच नव्या बांधकामाच्या निम्म्यापलीकडे गेला तर थांबून विचार. पण नव्याच्या खात्यात सगळं धरा. परवानगी घेतली की कडेनं मोकळी जागा सोडावी लागू शकते. पंधरा फुटी पट्टीच्या घरात त्यानं खोली जाते. शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल तर त्याच्या तुळया तुमच्या भिंतीवर टेकलेल्या असतील. भाडेकरू असेल तर मध्य प्रदेशचा भाडेकरूंचा कायदा आधी वकिलाकडून समजून घ्या. आणि मलबा : शंभर चौरस मीटरच्या एका मजल्याच्या जाड भिंतीच सुमारे दीडशे टन, म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाळीसएक फेऱ्या.

अध्यक्ष उभे राहिले. एकच. कुणी ‘फुकट पाडून देतो, मलबाही नेतो’ म्हणाला तर हो म्हणण्याआधी टेप घेऊन माळ्यावर चढा. बारा फुटी, सहा बाय आठ इंची एक तुळई म्हणजे चार घनफूट. अशा वीस असल्या तर ऐंशी घनफूट जुना, मुरलेला साग. बाजारात घनफुटाचा भाव विचारून या आणि मगच त्याला चहा पाजा.