रोझमेरीच्या काडीला मुळं फुटत नाहीत? पावडर कमी लावा!

(दोन काड्या कॅमेऱ्याजवळ धरून)

नमस्कार मंडळी! या दोन्ही रोझमेरीच्या काड्या एकाच दिवशी, एकाच कुंडीत लावल्या होत्या. हिला बघा, पांढरी मुळं झुपक्याने आलीत. आणि हिचा बुडखा काळा पडून मऊ झालाय. हिला मी रूटिंग पावडर, म्हणजे काडीला मुळं फुटावीत म्हणून लावतात ती, अगदी पिठात घोळवल्यासारखी फासली होती. म्हटलं, जास्त लावली तर जास्त मुळं येतील.

तर ही पावडर म्हणजे खत नाही. झाडाच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि खाली उतरतं. काडी छाटली की ते कापाजवळ साठतं आणि तिथे मुळं धरायला लागतात. पावडरच्या डबीतलं आयबीए, म्हणजे इंडोल ब्युटिरिक ॲसिड, ऑक्सिनच आहे. आपण त्यात वरून भर घालतो. ती भर जास्त झाली की काडीच बिघडते. टू-फोर-डी हे तणनाशकही कृत्रिम ऑक्सिनच, यावरून काय ते समजा!

पुदिना, तुळस, पानओवा यांच्यावर पावडर उधळू नका. पुदिना नुसत्या पाण्याच्या ग्लासात मुळं सोडतो. ही पावडर रोझमेरी, लॅव्हेंडर असल्या हट्टी मंडळींसाठी.

आता बघा. फूल न आलेला शेंडा, 10 ते 12 सेंटिमीटर. पान जिथून फुटतं त्या पेराच्या अगदी खाली कापायचं, धारदार कात्रीने. खालच्या अर्ध्या भागातली पानं ओरबाडायची नाहीत, हळूच काढायची. पावडर बशीत चिमूटभर. काडी थेट डबीत बुडवू नका, ओल गेली की आख्खी डबी गोळा होते. (हसत) विचारा मला! खालचा 1 सेंटिमीटर टेकवा, टिचकी मारून जास्तीची पावडर झाडा.

(*टक टक*)

एवढीच.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि जाड वाळू निम्मी निम्मी. आधी पेन्सिलने भोक पाडा, नाहीतर लावलेली पावडर वरच पुसली जाते. वर कापलेली प्लॅस्टिकची बाटली पालथी, सावलीत. रोज उघडून हवा द्या. चार ते सहा आठवडे लागतात, तेवढ्यात उपटून बघायचं नाही. हलकेच ओढल्यावर काडी अडली की समजायचं.

पावडर लावलेल्या काडीवरची जुनी पानं स्वयंपाकात नकोत, नवीन फुटव्याची घ्या. आणि डबीवर ठळक नाव लिहा. आमच्याकडे कुणीतरी पिठीसाखर समजून ती स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली होती.