मनगटावरचा स्क्रीन: बाक कोणत्या दिशेने द्यायचा?

नमस्कार. सांगलीत चित्रित केलेल्या या भागात आपण मनगटी उपकरणांच्या वक्र स्क्रीनची रचना कशी ठरते ते पाहणार आहोत. बाक दिलेला स्क्रीन देखणा दिसतो याबद्दल वाद नाही. माझा मुद्दा असा आहे की बाक किती द्यायचा याचा जेवढा विचार होतो, तेवढा तो अक्षरांच्या ओळीच्या कोणत्या दिशेने द्यायचा याचा होत नाही, आणि देवनागरी वाचणाऱ्याच्या ते लगेच डोळ्यावर येते.

आधी मनगट पाहू. कासार बांगडीचे माप दोन-चार, दोन-सहा असे सांगतो. त्यातला दुसरा आकडा इंचाचे सोळावे भाग दाखवतो, म्हणजे दोन-सहाची बांगडी आतून सुमारे ६० मिलिमीटर व्यासाची असते. यावरून स्क्रीनच्या बाकाची त्रिज्या ३० मिलिमीटर धरावी असे वाटेल, पण तिथेच फसगत होते. बांगडी पंजावरून सरकून आत जावी लागते, त्यामुळे तिचे माप पंजाचे असते. मनगट पंजाहून बारीक असते, शिवाय ते नळीसारखे गोल नसते. घड्याळ बसते ती वरची बाजू बरीच चपटी असते. म्हणून स्क्रीनचा बाक मनगटाच्या घेरावरून काढलेल्या बाकापेक्षा सौम्य ठेवावा लागतो. आज आपण उदाहरणापुरती ४० मिलिमीटर त्रिज्या धरू.

(तंबोरा जवळ घेऊन) हा मिरजेचा तंबोरा आहे. कागदाची ही पट्टी मी दांडीच्या गोलसर पाठीवर आडवी ठेवतो. ती अंगाला अंग लावून बसते. हीच पट्टी आता भोपळ्यावर ठेवतो. मधोमध दाबली तर कडा उचलल्या जातात, आणि कडा दाबल्या तर चुण्या पडतात. दांडीचा बाक एकाच दिशेने आहे, भोपळ्याचा दोन्ही दिशांनी. सपाट पत्रा न ताणता भोपळ्यासारख्या पृष्ठभागावर बसू शकत नाही, हे गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली मांडलेल्या सिद्धान्तातून निघते. पडद्याचे पॅनेल सपाट अवस्थेतच तयार होत असल्यामुळे रचनाकाराला सहसा दांडीचा बाक घ्यावा लागतो, भोपळ्याचा नाही.

आता थरांकडे येऊ. एखादी वस्तू वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि मधे कुठेतरी एक पातळी अशी असते जिच्यावर ताणही नसतो आणि दाबही नसतो. बाहेरच्या बाजूचा ताण काढण्याचा हिशोब सोपा आहे: जाडीला त्रिज्येच्या दुपटीने भागायचे. ओएलईडी पॅनेल, म्हणजे ज्याचे ठिपके स्वतःच प्रकाश देतात असे पॅनेल, पॉलिइमाइड नावाच्या प्लॅस्टिकच्या पातळ थरावर बनवता येते. त्याची जाडी ०.०५ मिलिमीटर धरली, तर ४० मिलिमीटर त्रिज्येवर ताण ०.०६ टक्क्यांच्या आसपास येतो आणि पॅनेलला त्याचे काहीच वाटत नाही. वरची संरक्षक काच मात्र ०.८ मिलिमीटर जाडीची असेल, तर तोच ताण एक टक्का होतो, आणि एवढ्या ताणात काच वर्षानुवर्षे धरून ठेवणे म्हणजे ती फुटण्याची वाट पाहणे. म्हणून काच थंड अवस्थेत वाकवत नाहीत. ती तापवून मऊ करतात आणि साच्यात दाबून तिला बाक देतात. दोन्हींच्या मधला पारदर्शक डिंकाचा थर मऊ ठेवला, तर थर एकमेकांवर किंचित सरकू शकतात आणि ताण वाटला जातो. जाड वही वाकवताना तिची पाने सरकतात आणि काठ तिरपा होतो, तसेच हे आहे. त्या पानांना एकमेकांना चिकटवून टाकले, तर तीच वही लाकडी फळीसारखी ताठ होईल.

काही स्वस्त बँडमध्ये वक्र काचेखाली सपाटच पॅनेल बसवलेले असते. माझ्याकडे असा एक होता. त्याच्या कडेचे आकडे भिंगातून पाहिल्यासारखे फुगलेले दिसत, आणि दोन महिने मला वाटत होते की माझा चष्मा बदलायला झाला आहे.

४० मिलिमीटर लांबीचा पडदा ४० मिलिमीटर त्रिज्येवर बसवला, तर त्याच्या कडा मध्यापेक्षा जवळजवळ ५ मिलिमीटर खाली जातात आणि सुमारे २९ अंशांनी कलतात. याचे परिणाम अनेक आहेत. खाली सपाट बॅटरी ठेवली, तर जागा वाया जाते. कडेचा मजकूर सुमारे १२ टक्के आखूड दिसतो. उन्हात सपाट घड्याळ जरा कलते केले की चकाकी निघून जाते, पण वक्र पडद्यावर ती निघून न जाता एक चमकती रेघ होऊन बाजूला सरकते, कारण सूर्याचा प्रकाश थेट डोळ्याकडे परतवणारा कोणता ना कोणता भाग त्यात बहुधा असतोच.

आता ओळीच्या दिशेबद्दल. सॅमसंगने २०१४ साली गिअर फिट हा १.८४ इंचाचा वक्र पडदा असलेला बँड आणला. पडदा अरुंद आणि लांब होता, आणि प्रथम दाखवला तेव्हा मजकूर त्याच्या लांबीच्या दिशेने धावत होता, म्हणजे नेहमीसारखा हात समोर धरला की अक्षरे आडवी पडत. त्यावर टीका झाली आणि उभ्या मांडणीचा पर्याय देण्यात आला. उभ्या मांडणीत मात्र रुंदी अवघी १२८ पिक्सेल उरते. त्यात वेलांटी आणि उकार स्पष्ट दिसावेत एवढे अक्षर मोठे केले, तर ‘जिल्हाधिकाऱ्यांनी’ हा शब्द एका ओळीत मावणे अवघड.

(दोन्ही मनगटांवर कागदी पट्ट्या, क्लोज-अप) ‘आयर्विन पुलाजवळ पाणीपातळी वाढत आहे’ हे वाक्य मी दोन प्रकारे छापले आहे. डाव्या मनगटावर ओळ घेराच्या दिशेने जाते, उजव्या मनगटावर कोपराच्या दिशेने. वरून सरळ पाहिले, तर दोन्हीकडची शिरोरेषा सरळ आहे. आता हात कोपराकडून जरा कलता करतो, जसा आपण चालताना करतो. डावीकडची शिरोरेषा धनुष्यासारखी वाकली आणि ‘पाणीपातळी’ मधेच उंच झाली. उजवीकडची शिरोरेषा मात्र सरळच आहे, कारण ती ज्या दिशेने जाते त्या दिशेला बाकच नाही. रोमन अक्षरे सुटी असल्यामुळे त्यांच्यात हा दोष लवकर लक्षात येत नाही. आपली शिरोरेषा मात्र त्यावर ठेवलेल्या फूटपट्टीसारखी तो दाखवून देते.

दुकानात वक्र पडद्याचा बँड हाती आला, तर त्याची भाषा मराठी करा, एक लांब संदेश उघडा, आणि हात असाच कलता करून शिरोरेषेकडे पाहा.