तुरन्नाच्या शाळेतली भर दुपार

सर्वांना सलाम.

आज आपण बसलो आहोत तो वर्ग तिसरीचा. बाके बुटकी, त्यामुळे मोठ्या माणसांचे गुडघे अडकतात. फळ्यावर शुक्रवारची वजाबाकी तशीच आहे. ती पुसायची नाही, असे शाळेशी आपले ठरले आहे. अकरा वर्षे झाली, दर रविवारी उपासनेसाठी पेटी, तबला, सतरंज्या आणि प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी-द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीचे, पेले पिशव्यांतून आणायचे आणि साडेअकराला वर्ग झाडून परत द्यायचा. वर्धापनदिनाला तुम्ही बोला, असे पाळकसाहेब म्हणाले तेव्हा पुष्कळांना वाटले असेल, हे आता मंदिराच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या इमारतीच्या, फंडाचे काढणार. काढणार आहेच. पण आधी इफिसला जाऊ.

बायबलमधले प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, १९वा अध्याय. येशूचा प्रेषित पौल इफिस शहरात यहुद्यांच्या सभास्थानात तीन महिने बोलला. विरोध वाढला तेव्हा शिष्यांना घेऊन तो बाहेर पडला आणि तुरन्ना नावाच्या माणसाच्या पाठशाळेत रोज शिकवू लागला. असे दोन वर्षे चालले. काही जुन्या हस्तलिखितांत इथे वेळही दिली आहे: पाचव्या तासापासून दहाव्या तासापर्यंत. आपल्या घड्याळात सकाळी अकरा ते दुपारी चार. म्हणजे ऐन उन्हाची वेळ, गावाने जेवून आडवे व्हायची वेळ. जी वेळ कुणालाच नको होती, ती पौलाला मिळाली. आपल्या गरजा मी या हातांनी भागवल्या, असे तो पुढे इफिसच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना सांगतो. तेव्हा कामातून उठायचे आणि शाळेत जायचे, असाच त्याचा दिवस असणार. ऐकणारेही झोप मोडूनच येत असतील.

त्याच शहरात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला होते. सम्राट क्लौद्याने इसवी सन ४९च्या सुमारास यहुद्यांना रोममधून घालवले, तेव्हा हे जोडपे करिंथला आले, तिथून इफिसला. धंदा राहुट्या करण्याचा. इफिसहून पौल लिहितो तेव्हा त्यांच्या घरातल्या मंडळीचा, म्हणजे तिथे जमणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा, सलाम कळवतो. पुढे ती दोघे रोमला परतली, तर तिथेही 'त्यांच्या घरी जी मंडळी आहे तिला' सलाम आहेच. त्यांचे बिऱ्हाड हलले की मंडळीची जागाही हलायची. आपला मराठी शब्द मला इथे फार आवडतो. घरची मंडळी, गावची मंडळी, लग्नाला आलेली मंडळी. या शब्दात भिंत कुठेच नाही, नुसती माणसे आहेत.

म्हणून घरातल्या मंडळ्यांत सगळे गोडच होते असे मात्र नाही. पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र, ११वा अध्याय काढा. प्रभुभोजनाला जमतात आणि कुणी उपाशी राहतो, कुणी पिऊन तर्र होतो. अभ्यासकांचा तर्क असा, की श्रीमंताच्या जेवणघरात टेकून बसायला साधारण नऊ जणांची जागा. बाकीचे बाहेर चौकात. मोकळी माणसे लवकर येऊन आत बसत. गुलाम आणि मजूर मालकाचे काम उरकून येईपर्यंत पाने आटोपलेली. यावर पौलाचा उपाय एका ओळीचा आहे: एकमेकांची वाट पाहा.

आपल्यात हे घडलेले आहे. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी वर्गात परीक्षा होती आणि निरोप आपल्यापर्यंत आला नव्हता. गेटपाशी कुलूप. आपण सायकलींच्या पत्र्याच्या शेडखाली सतरंजी टाकली, पेटी एका स्टुलावर ठेवली आणि नारायण वामन टिळकांच्या भजनांनी उपासना सुरू केली. त्या भजनांना ऑर्गन लागत नाही, गॅलरी लागत नाही. टाळ मिळाला तर उत्तम, नाहीतर टाळ्या. सगळे छान वाटत होते. प्रभुभोजन झाले, पेले पुसून डब्यात गेले, आणि रात्रपाळी करून आलेली आपली नर्सबाई गल्लीच्या तोंडाशी दिसली. ती आधी बंद गेट पाहून घरी निघाली होती. अर्ध्या वाटेवर आपले गाणे ऐकून परत फिरली होती. डबा माझ्या हातात होता. मी झाकण लावत होतो. पाळकसाहेबांनी डबा माझ्याकडून घेतला, एक पेला काढला, भाकरीचा उरलेला तुकडा मोडला आणि तिच्या एकटीसाठी तो सगळा भाग पुन्हा वाचला. आम्ही सगळे उभे राहिलो. कुणी घड्याळ पाहिले नाही.

आता फंड. मला मंदिर हवे आहे, हे स्पष्ट सांगतो. भटकेपणाची मला हौस नाही. गेल्या वर्षी आपल्यातल्या एका आजोबांची अंत्यविधीची उपासना सोसायटीच्या पार्किंगमध्ये करावी लागली, शेजारून स्कूटर जात होत्या. त्यांच्या पत्नीने पदराने पेटी झाकून घेतली होती. माणसाला निरोप द्यायला चार भिंती लागतात. जागेचा शोध चालू आहे. देणगीची वही मागच्या बाकावर आहे. फक्त नकाशा काढणाऱ्याला एवढे सांगू, की दार मागच्या बाजूने असू द्या. उशिरा आलेल्याला सगळ्यांच्या नजरेसमोरून पुढे यावे लागू नये.

आणि एक सूचना. पुढच्या रविवारी इथे पुन्हा परीक्षा आहे. या वेळी निरोप वेळेवर मिळाला. उपासना आमच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, म्हणून वयस्कर मंडळींना वर आणायला चार तरुणांनी नऊलाच यावे. सुरुवात साडेनऊऐवजी सव्वादहाला करू. रात्रपाळी आठला सुटते, बस मिळून पोचायला तेवढा वेळ लागतोच.