थेरपिस्ट व्हायचंय? फी भरण्याआधी एवढं ऐका

नमस्कार मंडळी.

"सगळे मलाच येऊन सांगतात हो. मैत्रिणी, वहिनी, शेजारच्या काकू. मग वाटतं, आपण हेच करिअर का करू नये?"

टिळकवाडी असो, शहापूर असो नाहीतर खानापूर, सायकॉलॉजी घ्यायचं म्हणणाऱ्या बहुतेक पोरापोरींच्या तोंडी हेच वाक्य असतं. माझं मत आधीच सांगून टाकते: एवढ्या कारणावर आयुष्याची सात वर्षं घालू नका. लोक तुमच्यापाशी मन मोकळं करतात, म्हणजे तुमचा स्वभाव चांगला आहे. त्याचं कौतुक आहेच. पण या कामात सगळ्यात जड जातं ते गप्प बसणं. खोलीत सल्ला न देता गप्प बसायचं आणि खोलीबाहेर पडल्यावर तोंड बंद ठेवायचं. आणि आपल्या बेळगावसारख्या गावात, जिथं प्रत्येकजण प्रत्येकाच्या मावसभावाला ओळखतो, तिथं हे किती अवघड आहे ते या क्षेत्रात पडल्याशिवाय कळत नाही.

आधी खोलीतलं सांगते.

समजा, वडगावातल्या विणकर गल्लीतल्या एक बाई समोर बसल्यात. चाळिशीच्या. म्हणतात, "झोप येईना झालीय बघा. डोस्कं जड. छातीत धडधडतंय. ईसीजी काढला, चांगला हाय म्हणाले." आता नवशिक्याच्या जिभेवर लगेच काय येतं? "रोज सकाळी चालायला जा, प्राणायाम करा, चांगले विचार करा." हे त्यांना जावेनं सांगितलंय, फॅमिली डॉक्टरनं सांगितलंय, मोबाइलवर आलेल्या व्हिडिओनंही सांगितलंय. त्यासाठी तुमच्याकडे यायची गरज नव्हती.

तुम्ही विचारता, "धडधड कधी सुरू होते?"

"सांजच्याला."

"सांजच्याला घरी काय असतं?"

मग शांतता. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळतात, सोडतात, परत गुंडाळतात. मग म्हणतात, "मालक येत्यात की."

तुमचं सगळं शिक्षण या पुढच्या क्षणात दिसतं. "दारू पितात का? मारतात का?" असं विचारलंत, तर तुमच्या डोक्यातली गोष्ट तुम्ही त्यांच्या तोंडी घातलीत. त्या "तसं काय न्हाई" म्हणतील आणि पुढच्या वेळी येणार नाहीत. तुम्ही फक्त एवढंच म्हणता, "मालक यायच्या वेळेला..." आणि वाक्य अर्धं सोडता. ते त्या पुरं करतात. कदाचित मालक देवमाणूस असतील, आणि धडधड त्यांच्यामागून येणाऱ्या सावकाराच्या फोनची असेल. तुम्हाला ते माहीत नसतं, आणि माहीत नसताना थांबता येणं हेच शिकायचं असतं.

सेशन संपलं म्हणजे काम संपलं असं नाही. मग लिहायचं. तक्रारी त्यांच्याच शब्दांत, कोणती आधी सुरू झाली, कोणती नंतर, घरात आजार कुणाला, बालपण, शाळा, लग्न, आजाराआधी माणूस कसा होता, बोलताना चेहरा कसा होता, स्वतःला इजा करायचे विचार आहेत का. हे घेऊन सुपरवायझरपुढे, म्हणजे तुमचं काम तपासणाऱ्या अनुभवी थेरपिस्टपुढे बसायचं. सुपरवायझर एखाद्या ओळीवर बोट ठेवतात आणि विचारतात, "इथं विषय का बदललास?" आणि तुम्हाला कळतं की बाई रडायला लागल्या तेव्हा घाबरून तुम्हीच पाण्याचा ग्लास पुढे केला होता. वर्षानुवर्षं असं कुणीतरी बोट ठेवत राहतं. ते ज्याला सोसत नाही, त्यानं दुसरं काहीतरी बघावं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता खोलीबाहेरचं.

मोठ्या शहरात क्लायंट लिफ्टमधून उतरला की गर्दीत मिसळून जातो. इथं तो रविवारी तुम्हाला खडेबाजारात भेटतो. त्याची सासू तुमच्या आत्याच्या भिशीत असते. लग्नात तुम्ही पंगतीला बसलेले, समोर तो, आणि शेजारची बाई विचारते, "हे तुमच्या ओळखीचे वाटतं?" काय सांगाल? मी पहिल्याच भेटीत ठरवून टाकते: बाहेर भेटलो तर आधी मी ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवली तर नमस्कार करेन, बाकी काही बोलणार नाही. समोरच्याला हे ऐकून आधी विचित्र वाटतं, नंतर हायसं वाटतं.

इथले पुष्कळ लोक दाखवायला कोल्हापूरला जातात, कुणी बघू नये म्हणून. गंमत म्हणजे कोल्हापूरकडचे त्याच कारणानं इकडे येतात. हायवेवर समोरासमोर भेटत असतील.

गुप्तता हा फक्त शिष्टाचार नाही बरं का. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, जो मे २०१८ पासून लागू आहे, त्यात रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिलाय. पण त्या हक्कालाही मर्यादा आहेत. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा करेल असं दिसलं तर गप्प बसता येत नाही. आणि १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा. आता विचार करा: तेरा वर्षांची मुलगी सांगते आणि ती ज्याचं नाव घेते तो गावचा मोठा माणूस आहे, तुमच्या वडिलांचा मित्र आहे. तिथं पाय डगमगणार असतील तर ते आताच स्वतःशी कबूल केलेलं बरं.

(पडद्यावर: शिक्षणाचा रस्ता)

हा भाग भरभर सांगते, कारण तुम्हाला खरं तर हाच हवा असतो. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे एमडी केलेला डॉक्टर, औषधं तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतो, तो चाचण्या घेतो आणि थेरपी करतो. त्याला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. १९९२ चा कायदा आहे. बिननोंदणी प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! आता कळलं ना, गल्लोगल्ली बोर्ड का दिसतात. आणि नुसतं 'काउन्सेलर' किंवा 'सायकोथेरपिस्ट' असं नाव लावायला तर आजवर कुणी अडवलेलंच नाही. दोन शनिवार-रविवारचा कोर्स करून सर्टिफिकेट फ्रेम करून लावणारे आहेत. त्यातला एखादा मनानं चांगलाही असेल. पण आत्महत्येचा विचार करणारा माणूस समोर बसला की चांगुलपणा पुरत नाही.

आजवरचा नेहमीचा मार्ग म्हणजे बीए किंवा बीएस्सी, मग सायकॉलॉजीत एमए किंवा एमएस्सी, मग दोन वर्षांचं क्लिनिकलचं एमफिल. आता नव्या शिक्षण धोरणात एमफिलच बंद झालं. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना २०२५-२६ पर्यंत मुदत मिळाली होती. पुढे आरसीआयनं चार वर्षांची क्लिनिकल सायकॉलॉजीची ऑनर्स पदवी, एमए क्लिनिकल सायकॉलॉजी, साय.डी. (म्हणजे सायकॉलॉजीतली डॉक्टरेट) असे नवे कोर्स आणलेत. म्हणजे तुमच्या ताईनं जो रस्ता धरला तो तुमच्यासाठी तसाच उरलेला नाही, तिच्या जुन्या नोट्स घेऊन प्रवेशाला जाऊ नका.

आणखी एक. २०२५ मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, सायकॉलॉजीसह आरोग्य क्षेत्रातले कोर्स दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं चालवायला बंदी घातली. त्यामुळे "घरबसल्या एमए सायकॉलॉजी, नोकरी सांभाळून" अशी जाहिरात दिसली की थांबा. या विषयात घरबसल्या काही होत नाही, आणि ते बरंच आहे.

जवळ काय आहे? धारवाडला कर्नाटक विद्यापीठात सायकॉलॉजीचा विभाग आहे, आणि तिथंच डिमहान्स आहे, मनोरुग्णांचं मोठं सरकारी हॉस्पिटल. बेळगावहून बसनं दोन तासांच्या आत. बेंगळुरूचं निमहान्स तर मानसिक आरोग्यातलं देशातलं सगळ्यात नावाजलेलं केंद्र, प्रवेश परीक्षाही तशीच.

आता भाषेवर जरा थांबते, कारण आपल्याकडे हा विषय निघाला की आवाज चढतात.

शिकाल ते इंग्रजीत. मराठी शाळेतून आलेल्यांना पहिलं वर्ष दमवतं, पण ते जमून जातं. मराठीत वाचायला काहीच नाही असंही नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विचारपद्धती कि. मो. फडक्यांनी 'विवेकनिष्ठ मानसोपचार' म्हणून मराठीत आणली, रुजवली. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच संस्था वर्षानुवर्षं मराठीतून हे काम करतेय. मराठी माणसाची थेरपी मराठीत होऊ शकते, यात शंकाच नको.

पण बेळगावच्या ओपीडीत बाकावर बसलेली पुढची बाई बैलहोंगलची असते. ती म्हणते, "निद्दी बरूदिल्ल री, एदी डवडव अंतैती." झोप येत नाही, छाती धडधडते. वडगावच्या बाईचीच तक्रार. तिला काय सांगणार, दुभाषा आणा? दुभाषा म्हणजे बहुतेक वेळा तिचाच नवरा. मग झालीच थेरपी! सीमाप्रश्नावर तुमचं मत काय असायचं ते असू दे, माझंही आहे, आणि ते मी चार भिंतींच्या आत आणत नाही. पण इथं राहून हे काम करायचं असेल तर बाजारापुरतं कन्नड चालणार नाही. रडणाऱ्या माणसाचं कन्नड कळायला हवं. ज्यांना ते नकोच असेल, त्यांनी कोल्हापूर, पुणे, ठाणे धरावं. तोही सरळ निर्णय आहे.

सरकारी नोकरीतही हेच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये देशातल्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला, पण त्याचा नमुना आपल्याच कर्नाटकातला: १९८० च्या दशकात निमहान्सनं बळ्ळारी जिल्ह्यात तो करून दाखवला होता. त्या टीममध्ये सायकियाट्रिस्टबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि सोशल वर्कर यांच्या जागा असतात. कर्नाटकात त्या जागेवर बसायचं तर कन्नड हवंच.

गरज किती आहे विचाराल, तर २०१५-१६ मध्ये निमहान्सनं १२ राज्यांत सर्वेक्षण केलं. प्रौढांपैकी साधारण दहा टक्क्यांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. हे आकडे ऐकून "म्हणजे भरपूर स्कोप आहे" असं म्हणू नका. गरज आहे म्हणजे फी देणारा माणूस दारात उभा आहे असं होत नाही. निपाणीतल्या विडी वळणाऱ्या बाईला आठवड्याला एक सेशन परवडत नाही, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. सुरुवातीची काही वर्षं शाळा, हॉस्पिटल, टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन अशा नोकऱ्या धरून चालावं लागतं. घरातून तिशीपर्यंत "अजून शिकतेसच काय गं" ऐकायची तयारी ठेवा. मुलींना त्यात लग्नाचा विषय जोडून येतो, तो वेगळा सांगायला नको.

"मी स्वतः डिप्रेशनमधून गेलोय, म्हणून मला हे करायचंय" असंही कुणी म्हणतं. त्यात वाईट काही नाही, उलट अशी माणसं पुष्कळदा चांगली थेरपिस्ट होतात. फक्त आधी स्वतः खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला बसून या. मनोविश्लेषण, म्हणजे फ्रॉइडची पद्धत, शिकणाऱ्यानं स्वतःचं विश्लेषण करून घ्यायचं ही जुनीच रीत आहे. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात मनोविश्लेषकांची संस्था काढली, तेव्हापासून ही परंपरा आपल्या देशात आहे. आपली जखम ओली असेल तर क्लायंटच्या प्रत्येक वाक्यात तीच दिसते.

ठरवण्याआधी एक करून बघा. पैसे लागत नाहीत. पुढच्या वेळी वहिनी सासरचं सांगायला बसली की अर्धा तास एकही सल्ला द्यायचा नाही. "अगं मी तुझ्या जागी असते तर" हे तर अजिबात नाही. आणि ती उठून गेल्यावर ते आईलाही सांगायचं नाही. आई विचारणारच, "काय म्हणत होती गं?" तिथंच खरी परीक्षा आहे. जमलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, पण जमेपर्यंत करत राहावंसं वाटतं का, तेवढं बघा.

आणि तरीही जायचंच ठरलं, तर फी भरण्याआधी कॉलेजला विचारा: कोर्स आरसीआयच्या आजच्या यादीत आहे का? पेशंट कुठल्या हॉस्पिटलात बघायला मिळणार? सुपरवायझर कोण, आणि त्यांचा सीआरआर नंबर, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक, काय? तो नंबर आरसीआयच्या वेबसाइटवर टाकून स्वतः तपासा. उत्तर लेखी मागा. "होऊन जाईल मॅडम, काळजी करू नका" म्हणाले की समजून जा.

हे बघताना तुम्हालाच बोलायची गरज वाटली असेल, तर टेलि-मानसचा नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही.

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण, करून याच क्षेत्रात कसं येता येतं, तो विषय पुढच्या व्हिडिओत घेते. शंका पाठवा, पण कोर्सचं पूर्ण नाव, कॉलेज आणि गाव लिहून पाठवा. नुसतं "मॅडम हे चालेल का?" असं पाठवलंत तर मी तरी काय सांगणार.