खाल्लेलं अंगी लागावं, कमरेला नको

(नवशिक्यांच्या व्यायाम आणि आहारावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार.

समोर कॉलेजची मुलं दिसताहेत, मुलीही बऱ्याच आहेत, आणि मागच्या रांगांमध्ये आईवडील बसलेत. बरं झालं तुम्ही सोबत आलात, कारण आजचा विषय जिमपेक्षा तुमच्या स्वयंपाकघरात जास्त ठरतो. मुलगा बारीक असतो, त्याला 'बॉडी करायची' असते, जिमची फी भरलेली असते आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं: आधी दाबून खा, वजन वाढव, मग बघू. आधी बल्किंग म्हणजे वजन चढवणं, नंतर कटिंग म्हणजे चरबी उतरवणं. सहा महिन्यांनी वजनकाटा आठ किलो पुढे गेलेला असतो. दंड थोडे भरलेले असतात आणि पँट मात्र दोन साइझ वाढलेली असते. हा सल्ला आपल्याकडच्या शरीरांना फार महागात पडतो, असं मी ठामपणे म्हणते. का, ते सांगते.

2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन शास्त्रज्ञांनी स्वतःचाच फोटो छापला. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, 22.3. बाहेरून पाहिलं तर दोघंही सडपातळ. पण मोजल्यावर कळलं, की युडकिनांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. उंचीच्या हिशेबात वजन तेवढंच, चरबी दुपटीहून जास्त. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा माग थेट जन्मापर्यंत काढला. पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळं सरासरी 2.7 किलोची, तिथली 3.5 किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. बारीक तरीही चरबीवान, अशी ही ठेवण आहे.

म्हणून 'मी बारीक आहे, मला काय खाल्लं तरी चालतं' असं म्हणणाऱ्या मुलाची मला जास्त काळजी वाटते. त्याचे हात बारीक असतात, पण शर्टाखाली पोट असतं. आणि पोटातली चरबी मधुमेहाची वाट लवकर दाखवते. याच कारणाने भारतीयांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा 25 ऐवजी 23 वर आणली आहे, आणि कमरेचा घेर पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर व स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर धरला जातो. आधी चरबी चढवू, मग उतरवू, हा खेळ आपण खेळायचाच कशाला?

आता तुम्ही विचाराल, खाल्ल्याशिवाय स्नायू येणार कुठून? रास्त प्रश्न आहे. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात पेनिंग्टन बायोमेडिकल रिसर्च सेंटर ही संस्था आहे. तिथला जॉर्ज ब्रे आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग 2012 साली प्रसिद्ध झाला. 25 निरोगी माणसांना संस्थेतच ठेवून आठ आठवडे रोज गरजेपेक्षा साडेनऊशेच्या आसपास कॅलरी जास्त खायला घातल्या. तीन गट केले. एका गटाला प्रथिनं कमी, दुसऱ्याला नेहमीइतकी, तिसऱ्याला भरपूर. निकाल पाहण्यासारखा आहे. चरबी तिन्ही गटांची जवळपास सारखीच वाढली. चरबीव्यतिरिक्तचं वजन मात्र पहिल्या गटात सातशे ग्रॅमने घटलं आणि बाकी दोन गटांत तीनेक किलोने वाढलं. हे सगळं स्नायूच होते असं नाही, त्यात पाणी आणि अवयवही धरलेले असतात. पण दोन गोष्टी उघड झाल्या. चरबी किती चढणार हे जास्तीच्या कॅलरी ठरवतात, आणि बाकीचं काही चढणार की नाही हे प्रथिनं ठरवतात. या माणसांना व्यायाम दिलेला नव्हता, हेही लक्षात ठेवा.

आणखी एक हिशेब करून बघू. स्नायूत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं आणि साधारण पाचवा हिस्सा प्रथिनं. म्हणजे एक किलो नवा स्नायू घडवायला प्रथिनं लागली दोनशे ग्रॅम. नवशिक्याला महिन्याला किलोभर स्नायू आला तर ती भरघोस प्रगती. दोनशे ग्रॅमला तीस दिवसांनी भागा: रोजचे सातेक ग्रॅम. खाल्लेलं सगळं प्रथिन थेट स्नायूत जात नाही, त्यामुळे ताटात याहून बरंच जास्त लागतं. पण शरीर बांधकामाचा माल किती हळू वापरतं, ते यावरून समजतं. रोज हजार कॅलरी जादा ओतल्या म्हणून ते काम दुपटीने होत नाही. उरलेलं सगळं चरबीत जातं.

इथे तालमीचा विषय निघतोच. कोल्हापूर-सांगलीकडचे कोणी असतील तर म्हणतील, आमचे पैलवान दूध, तूप, बदाम, थंडाई घेऊनच तयार झाले. अगदी खरं. पण पैलवान पहाटे उठून शेकड्याने जोर-बैठका मारतो, आखाडा खणतो, सकाळ-संध्याकाळ लढती करतो. तो खुराक त्या मेहनतीला जोडलेला आहे. वस्ताद मेहनत बघून खुराक ठरवतो. आपण आठवड्यातून तीन वेळा तासभर जिमला जाणार, बाकी दिवस खुर्चीत, आणि खुराक मात्र पैलवानाचा उचलणार, हे गणित जुळत नाही. तालमीतून घ्यायचीच तर दुसरी गोष्ट घ्या: हलकी नाल, म्हणजे तालमीत उचलायचं दगडी वजन, पेलली की त्याहून जड नाल.

व्यायामाचं सगळं मर्म त्यात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म नावाचे तरुण डॉक्टर होते. जखमी सैनिकांचे गुडघे, मांड्या इतक्या अशक्त झालेल्या की ते महिनोन्‌महिने तिथेच पडून असत. त्या काळची पद्धत म्हणजे हलकं वजन, पुष्कळ वेळा. डीलॉर्मनी ती उलटवली. वजन जड, आवर्तनं मोजकी, आणि ताकद वाढेल तसं वजन वाढवत न्यायचं. सैनिक लवकर उभे राहू लागले. 1945 साली त्यांनी ते लिहून प्रसिद्ध केलं. आज जगातली प्रत्येक जिम याच तत्त्वावर चालते, आणि तरी निम्मी मुलं वर्षभर तेच दहा किलोचे डंबेल तितक्याच वेळा उचलत असतात. शरीराला बदलण्याचं कारणच मिळत नाही, मग ते बदलेल कशाला?

नवशिक्याने आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी संपूर्ण शरीराचा व्यायाम करावा. एक बसण्या-उठण्याचा: स्क्वॉट, किंवा हातात डंबेल घेऊन बैठका. एक खालून वजन उचलण्याचा: डेडलिफ्टचा कुठलाही सोपा प्रकार. एक ढकलण्याचा: जोर किंवा बेंच प्रेस. एक ओढण्याचा: रोइंग, पुलअप्स. प्रत्येकाचे तीन सेट, दर सेटला आठ ते बारा आवर्तनं, मध्ये दोन मिनिटं थांबायचं. शेवटचं आवर्तन झाल्यावर 'अजून एक-दोन जमली असती' असं वाटलं पाहिजे. 'अजून दहा जमली असती' असं वाटत असेल तर वजन कमी पडतंय. बाराची सगळी आवर्तनं नीट झाली, की पुढच्या वेळी थोडं वाढवा. आणि वहीत लिहा. मी वहीवर फार जोर देते, कारण मागच्या गुरुवारी किती उचललं होतं हे कुणाच्याच लक्षात राहत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढेल आणि आरशात फरक दिसणार नाही. घाबरू नका. सुरुवातीला मज्जासंस्था आहे तेच स्नायू नीट वापरायला शिकते, आकार नंतर येतो. याच काळात मुलं निराश होऊन खाणं वाढवतात, तिथेच गाडी घसरते.

आता ताट. भारताच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची रोजच्या प्रथिनांची शिफारस आहे दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम. ती सर्वसाधारण निरोगी माणसासाठी. वजनं मारणाऱ्यांवरच्या 49 प्रयोगांचा एकत्र अभ्यास 2018 साली झाला, त्यात दर किलोमागे साधारण 1.6 ग्रॅमपर्यंत फायदा दिसला, त्यापुढे सरासरीने फारसा नाही. साठ किलोच्या मुलाला म्हणजे नव्वद-पंचाण्णव ग्रॅम. आपल्या शाकाहारी घरातला तो दिवसभरात काय खातो? सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या, भाजी, वरणभात, संध्याकाळी वडापाव आणि चहा, रात्री पुन्हा पोळीभाजी, भात-आमटी. हे सगळं मिळून पन्नासच्या आतबाहेर. वरणावर आपला फार विश्वास असतो, पण पातळ वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅमच प्रथिन असतं.

उरलेले चाळीस आणायचे कसे? पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या, 26 ग्रॅम. अर्धा लिटर दूध किंवा तितक्याच दुधाचं दही, सोळाएक ग्रॅम. मूठ-दीड मूठ म्हणजे पन्नास ग्रॅम फुटाणे, दहा ग्रॅम. झाले पन्नासच्या वर. पण यातून कॅलरीही साडेसहाशे वाढल्या! आणि आपल्याला वाढवायच्या आहेत फक्त दोनशे-अडीचशे. म्हणून काहीतरी ताटातून उतरवावं लागेल. संध्याकाळचा वडापाव गेला तर तीनशेच्या आसपास गेल्या, तूप लावलेली एक पोळी गेली तर आणखी शंभर. आता हिशेब बसला, आणि प्रथिन नव्वदपर्यंत पोचलं. आयांनो, माझी कळकळीची विनंती आहे, नवीन पदार्थ जुन्यावर रचू नका, त्याच्यासाठी जागा करा. अंडी चालत असतील तर एका अंड्याचे सहा ग्रॅम. कोकणातल्यांना तर काय सांगायचं, बांगडा आहे, सुकट आहे. तळण्याऐवजी कालवण करा, एवढंच. शेंगदाण्यांना मात्र प्रथिनं म्हणून मोजू नका. शंभर ग्रॅममध्ये प्रथिन पंचवीस, पण चरबी पन्नासच्या जवळ. चटणीपुरते उत्तम. भात-भाकरी पूर्ण सोडणारेही भेटतात. ते करू नका, वजन उचलायला त्याचीच ऊर्जा लागते. आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रगती मोजायची ती टेपने. महिन्याला अर्धा ते एक किलो वजन वाढलं तर पुरे. दर पंधरा दिवसांनी, सकाळी उठल्याबरोबर, बेंबीच्या रेषेत कमर मोजा. मी असा हिशेब धरते: दोन किलो वजन वाढलं आणि कमर एका सेंटिमीटरहून कमी हलली, तर चालू आहे ते बरोबर. तीन सेंटिमीटर वाढली, तर खाणं दोनशे कॅलरींनी उतरवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन एकदम वाढलेलं दिसेल. ते बहुतेक स्नायूंत साठलेलं ग्लायकोजन, म्हणजे साखरेचा साठा, आणि त्याच्याबरोबरचं पाणी असतं.

झोप सात-आठ तास. यावर फार बोलत नाही, पण रात्री दोनपर्यंत मोबाइल आणि सकाळी सहाला जिम हे चालणार नाही.

जिममध्ये विकतात त्या पावडरींच्या डब्यांबद्दल विचारणा होणारच. व्हे पावडर म्हणजे दुधातलं प्रथिन, जेवणातून भागत नसेल तर घ्यावी. क्रिएटिन, म्हणजे स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवायला मदत करणारा पदार्थ, रोज तीन ते पाच ग्रॅम, निरोगी माणसाला उपयोगी. ते चालू असताना रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम जोखायला बघतात तो आकडा) थोडं वर दिसू शकतं, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा. 'वेट गेनर' मात्र घेऊ नका, त्यात बहुतांशी माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे साखरेचाच भाऊबंद असतो. आणि मुलांनो, जिमच्या कोपऱ्यात कुणी ताकदीचं इंजेक्शन म्हणून काही पुढे केलं, तर तिथून निघा आणि घरी सांगा. मेफेन्टरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठीचं औषध आहे. ते टोचून घेऊन सेट मारणारी मुलं आहेत, आणि ती तुमच्याच वयाची आहेत.

शेवटी एक चिठ्ठी आली आहे, ती वाचते. 'हातपाय काटकुळे आहेत आणि पोट सुटलंय. आधी पोट कमी करू की आधी वजन वाढवू?' दोन्ही नको. तुम्ही जेवढं खाताय त्यात एकही कॅलरी वाढवू नका, फक्त प्रथिनांचा वाटा वाढवा आणि वर सांगितलेला व्यायाम सहा महिने वहीत लिहून करा. नवशिक्याचं शरीर आहे त्या चरबीतून ऊर्जा घेऊन स्नायू बांधू शकतं, आणि हे सुरुवातीच्या काळात सगळ्यात चांगलं जमतं. काटा कदाचित जागचा हलणार नाही. दर महिन्याला कमर आणि दंड दोन्ही मोजा. कमर उतरत असेल आणि दंड भरत असतील, तर काट्याकडे बघायचं कारण नाही. तीन महिन्यांनी दोन्ही जिथल्या तिथेच राहिले, तर वही घेऊन माझ्याकडे या.