पऱ्हाटीतून हिरो पळतो काऊन? गाण्याच्या व्हिडिओची पठडी आणि आपली कॉलेजातली पोरं

राजेहो, नमस्कार! एक अल्बम साँग आठवा. आपल्याच विदर्भातलं, यूट्यूबवरचं, कोणतंही चालेल. सुरुवातीला ड्रोन. खाली संत्र्याचा बगिचा नाहीतर कपाशीची पऱ्हाटी, मधून डांबरी रोड, रोडवर बुलेट. बुलेटवर गॉगलवाला हिरो. मग पैंजण. पैंजणापासून कॅमेरा हळूहळू वर चढतो, ओढणी उडते, पोरगी मागे वळून पाहते आणि नेमका तिथं बीट पडतो. झालं पहिलं कडवं.

यात वाईट काही नाही. मी अशीच गाणी एडिट करून पोट भरते, त्यामुळे शिव्या द्यायचा मला काही हक्क नाही. पण हिंगणघाट, आर्वी, वणीकडची कॉलेजची पोरंपोरी आपल्या प्रोजेक्टचं गाणं दाखवायला येतात तेव्हा दोनच प्रकार दिसतात. एक, आत्ता सांगितला तो. दुसरा, "मॅडम, आम्ही पठडी मोडली" असं छाती फुगवून आणलेला. त्यात काय असतं? सगळं ब्लॅक अँड व्हाइट. भेगा पडलेली जमीन, म्हाताऱ्याचा सुरकुतलेला हात, बासरी आणि शेवटी झाडाला दोर.

मला विचाराल तर हा दुसरा प्रकारही तितकाच छापील आहे. का, ते सांगते. आधी जरा मागे जाऊ.

[पडद्यावर: १ ऑगस्ट १९८१]

या दिवशी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं. दिवसरात्र गाण्यांचे व्हिडिओ. आता हे व्हिडिओ कंपन्या कशासाठी काढत होत्या? रेकॉर्ड खपावी म्हणून. म्हणजे गाण्याचा व्हिडिओ ही मुळात जाहिरात. अँड्र्यू गुडविन नावाच्या अभ्यासकानं १९९२ च्या पुस्तकात याची नीट फोड केली आहे. तो म्हणतो, व्हिडिओत गायकाचे एवढे क्लोजअप असतात ते रेकॉर्ड कंपनीला हवे असतात म्हणून. चेहरा ओळखीचा झाला की कॅसेट विकली जाते. कलेचा भाग नंतर.

आपल्याकडे गंमत वेगळी आहे. हिंदी सिनेमात १९३५ पासून पार्श्वगायन आलं. गातो एक, ओठ हलवतो दुसरा, आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही. तिकडचा गायक स्वतःच्याच आवाजावर ओठ हलवतो, आपला हिरो दुसऱ्याच्या. अल्बम साँगमध्येही तेच. गाणारा पोरगा नागपूरच्या स्टुडिओत, बुलेटवर बसणारा त्याचा मित्र. म्हणजे गुडविनचा क्लोजअप आपल्याकडे आला, पण तो ज्या कामासाठी होता ते काम मागेच राहिलं. गाणाऱ्याचा चेहरा तर आपण दाखवतच नाही!

मग कॉलेजातल्या पोरानं क्लोजअप कशाला घ्यायचा? त्याच्याकडे विकायला स्टार नाही, मागे कंपनी नाही. हे मला त्याचं बळ वाटतं. कंपनीच्या दिग्दर्शकाला पहिल्या दहा सेकंदांत चेहरा दाखवावाच लागतो. तुम्हाला लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. आर्वीकडच्या तीन पोरींनी भुलाबाईचं गाणं घेतलं. भुलाबाई आपल्याला माहीतच आहे, पोरींचा सण, भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. टिपऱ्या, गाणी आणि शेवटी खिरापत. खिरापत ओळखायची कशी? डबा झाकलेला. तो खुळखुळ वाजवायचा आणि बाकीच्या पोरींनी नुसत्या आवाजावरून सांगायचं, फुटाणे की मुरमुरे की आणखी काही. या पोरींनी अख्खा व्हिडिओ त्या डब्यासारखा बांधला. आधी नुसता आवाज, चित्र म्हणजे बंद दार. मग दाराच्या फटीतून पाय. मग टिपऱ्या, नुसत्या टिपऱ्या, धरणारे हात चौकटीबाहेर. चेहरे दिसतात ते थेट शेवटच्या कडव्यात आणि तेही सगळे एकदम. कोणी एक हिरोईन नाही. पाहणारा तोवर ओळखत बसतो, ही आवाजवाली कोणती असेल? क्लोजअप जे काम करतो ते काम झालं, माणूस खिळून राहिला, पण क्लोजअप न घेता.

माझं म्हणणं एवढंच आहे. पठडीतली प्रत्येक गोष्ट काहीतरी काम करत असते. ती काढून टाकायची तर ते काम दुसऱ्या कशाकडून करून घ्यावं लागतं. नुसती काढून टाकली की व्हिडिओ ढेपाळतो, आणि मग पोरं म्हणतात, "मॅडम, लोकायले कळलंच नाही." लोकांना सगळं कळतं. त्यांना कंटाळा आला.

आता बीटवर कट मारायची, म्हणजे तालाचा ठोका पडला की शॉट बदलायची रीत घ्या. हिशेब सोपा आहे. गाणं मिनिटाला १०० बीटचं असेल तर एक बीट ०.६ सेकंदाचा. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा, म्हणजे २५ चित्रांचा असेल तर एका बीटला बरोबर १५ फ्रेम. चार बीटला ६०. दर ६० फ्रेमला कट मारत जा, गाणं आपोआप पळतं. डोकं लावायची गरज नाही, म्हणून तर सगळे मारतात. पण त्या पोरींच्या टिपऱ्यांना हा हिशेब लागू झाला नाही, कारण टिपरी मशीनवर नव्हती. पोरी रंगात आल्या की लय चढते. त्यांनी एडिटच्या टाइमलाइनवर बीटच्या खुणा, म्हणजे मार्कर लावले, दोन कडव्यांतच सगळे सरकले. मग मी म्हटलं, बीट सोडा, श्वास धरा. ओळ संपून पोरी जिथं दम घेतात तिथं कट. तो व्हिडिओ पाहताना तुम्हालाही दम लागल्यासारखं होतं.

पऱ्हाटीचंही तसंच. वेचणी कधी जवळून पाहिली का? पाहिली असेल, केलीही असेल. पण कॅमेऱ्यातून पाहा. बोंड उकललेलं असतं, त्याची टोकं वाळून काटेरी झालेली. बाई तीन बोटांनी कापूस असा ओढते की पाला सोबत येत नाही, आणि पहिला हात कमरेच्या फडक्यात जाईपर्यंत दुसरा पुढच्या बोंडावर पोचलेला असतो. दोन्ही हात वेगळ्या तालात. या चित्रावर १०० बीटचं गाणं लावा आणि बीटवर कट मारा, ती बाई लगेच मशीन दिसायला लागते. तेच कट न मारता अख्खं कडवं एका शॉटमध्ये राहू द्या. गाणं एका तालात चाललंय, हात दुसऱ्या. मध्येच कुठेतरी दोन्ही जुळतात, परत सुटतात. तो जुळायचा क्षण कोणत्याही एडिटपेक्षा भारी असतो आणि तो तुम्हाला फुकट मिळतो.

बरं, वावर कोणाचं आहे त्याला आधी विचारा. एका शूटला मालक बांधावरून ओरडत आला होता, "अबे पोट्टेहो, पिच्चर काढा, पन माही बोंडं नोका पाडू!" तो बरोबरच होता. हिरो पऱ्हाटीतून पळतो ही रीत ज्यानं काढली त्यानं पऱ्हाटी लावलेली नसणार. वाळत आलेल्या पऱ्हाटीतून ओढणी घालून कोणी पळून दाखवा मला.

आता चित्र आणि शब्द. गुडविननं याचे तीन प्रकार सांगितलेत. शब्द म्हणतात तेच दाखवणं. शब्दांत नसलेलं काहीतरी जोडून अर्थ वाढवणं. आणि तिसरं, शब्द एकीकडे, चित्र दुसरीकडे. कॉलेजची पोरं या तिसऱ्याच्या प्रेमात असतात, कारण त्यात बंड दिसतं. पण दोन्हींत काही धागा नसेल तर ते बंड होत नाही, नुसता गोंधळ होतो.

'धिस इज अमेरिका' या २०१८ च्या व्हिडिओत हिरो मुराई या दिग्दर्शकानं काय केलं? पुढे गायक आणि शाळकरी पोरं मस्त नाचतात, मागे हाणामारी, पळापळ, जाळपोळ. शॉट लांबलचक. पाहणाऱ्याची नजर नाचावरून हटत नाही आणि मागचं निसटतं. म्हणजे नाच ही पठडी त्यानं मोडली नाही, पुरेपूर वापरली. नजर खेचायचं नाचाचं जे काम असतं, तेच पाहणाऱ्यावर उलटवलं.

हे आपल्या मातीत कसं दिसेल? कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या गेटवर दिवाळीनंतर लागणारी रांग डोळ्यासमोर आणा. कापसाचे ट्रॅक्टर, बैलबंड्या, वर ताडपत्री, खाली झोपलेला माणूस. समोर वरातीतल्या डीजेवर नाचतात तसली चार पोरं, झकास स्टेप. गाणं लग्नाचं. कॅमेरा पोरांवर, मागची रांग जागची हलत नाही. तीन मिनिटांत एकही गाडी पुढे सरकत नाही. भाषण नाही, पाटी नाही, दोर तर नाहीच.

हो, दोराबद्दल बोलायचं राहिलं होतं. विदर्भ म्हटलं की आत्महत्या, हे चित्र बाहेरच्यांनी इतक्यांदा दाखवलं की आता आपल्याच पोरांना वाटतं, गंभीर व्हायचं तर हेच दाखवावं लागतं. दुःख खरं आहे. कोणाच्या घरात ते झालं असेल त्याच्यासमोर मी काय बोलणार? पण व्हिडिओतला तो दोर त्या घरातून आलेला नसतो. तो दुसऱ्या व्हिडिओतून आलेला असतो, जसा ड्रोन आला तसाच. आणि त्याचं काम काय, तर परीक्षकाला गप्प करणं. दोर दाखवल्यावर मार्क कोण कापेल?

म्हणून यवतमाळकडच्या एका पोरीनं प्रोजेक्टला चक्क धमाल गाणं केलं, रंगीत, भडक, बाजारातल्या टिकल्यांसारखं, आणि त्यात तिची आई स्कूटी शिकते. बस, एवढंच. आई पडते, हसते, पुन्हा बसते. गाव पाहत उभं असतं. परीक्षक म्हणाले, "यात सामाजिक आशय कुठाय?" मला तर त्या अख्ख्या बॅचमध्ये सगळ्यात बंडखोर तोच वाटला.

आता तो पैंजणापासून वर चढणारा कॅमेरा. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ च्या लेखात सिनेमातल्या पुरुषी नजरेबद्दल लिहिलं: बाई पाहिली जाते, पुरुष पाहतो आणि कॅमेरा पुरुषाच्या बाजूनं उभा असतो. पोरं यावर उपाय काय काढतात? हिरोचे पाय दाखवतात. हशा होतो, पण नजर तीच राहते, फक्त माणूस बदलतो. मला यात जास्त महत्त्वाचा वाटतो तो मोबाइल कसा धरला हा प्रश्न. उभ्या चौकटीत एक उभं शरीर बरोबर बसतं, डोक्यापासून पायापर्यंत. भुलाबाईचा फेर मात्र त्यात मावत नाही. म्हणजे रीलसाठी मोबाइल उभा धरला तिथंच निम्मा निर्णय झाला. फेर घ्यायचाय? मोबाइल आडवा करा, किंवा फेराच्या मध्यात ठेवा, जमिनीवर, आकाशाकडे तोंड करून. पोरी त्याच्यावर वाकतात, तो त्यांच्याकडे खालून पाहतो आणि त्या त्याला हवं तेव्हाच दिसतात असं होत नाही. त्यांना हवं तेव्हा दिसतात.

थोडं कामाचं बोलू, कारण निम्मे प्रोजेक्ट इथंच मार खातात. ओठ जुळत नाहीत. शूटला कलाकाराच्या कानात इअरबड देऊ नका. गाणं स्पीकरवर मोठ्यानं लावा, म्हणजे ते कॅमेऱ्यातही रेकॉर्ड होतं आणि एडिटला त्याच्यावर खरं गाणं बसवता येतं. पण लांबच्या शॉटला फसगत होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कॅमेरा धुऱ्यावर, कलाकार आणि स्पीकर ३४ मीटर आत वावरात, तर कॅमेऱ्याला आवाज एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. म्हणजे अडीच फ्रेम. त्या आवाजावर गाणं बसवलं की ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. लांबच्या शॉटला गाणं दोन-तीन फ्रेम आधी सुरू होईल असं सरकवा, जुळून जाईल.

आणि स्लो मोशनमध्ये गायचं असेल तर गाणं दुप्पट वेगानं वाजवा, कलाकाराला तसंच भरभर गाऊ द्या, ६० फ्रेमनं शूट करा आणि ३० वर चालवा. ओठ बरोबर बसतात, बाकी जग निम्म्या वेगानं चालतं. मागे सोयाबीनचं थ्रेशर चालू असेल तर भुसा हवेत असा तरंगतो की पाहत राहावं. मात्र थ्रेशरच्या आवाजात स्पीकर ऐकू येणार नाही, तेव्हा तो कलाकाराच्या पायाशी, फ्रेमच्या बाहेर ठेवा. आणि ओढणी थ्रेशरपासून लांब, हे आईसारखं सांगते.

गाणं शक्यतो स्वतःचं किंवा गावातल्याच कोणाचं घ्या. सिनेमाचं लावलं की यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा लागतो. गावातली म्हातारी ओवी गाते ती कोणाच्या कंपनीची नाही. पण तिला विचारून घ्या आणि व्हिडिओवर तिचं नाव टाका, हिरोच्या आधी.

तुमचा रफ कट, म्हणजे कच्चा एडिट असेल तर पाठवा. दोन फाइल द्या, एक गाण्यासकट आणि एक म्यूट. मी म्यूटवाली आधी पाहीन. पुढच्या व्हिडिओत आपण गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडे जाऊ. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकात रात्रभर गाणी चालतात, ती कमी उजेडात शूट कशी करायची, यावर बोलू.