दाणा आपला, कडबा बैलाचा

श्रोतेहो, नमस्कार.

रब्बीची ज्वारी काढली की एका धाटाच्या दोन वाटण्या होतात. दाणा घरात, कडबा गंजीवर. परभणी असो की बीड, हा हिशेब कुणाला शिकवावा लागत नाही. पण दाण्यातलं पिठूळ आणि कडब्यातला चिवट धागा एकाच साखरेचे बनलेत. ती साखर म्हणजे ग्लुकोज, सलाईनमधून चढवतात तीच. मग कडबा आपल्याला का पचू नये?

फरक जोडणीचा आहे. दाण्यात ग्लुकोजचे रेणू असे जोडलेले असतात की साखळी वळत, वेटोळी घेत जाते. हा स्टार्च. कडब्यात दर दुसरा रेणू उलटा बसतो. तेवढ्यानं साखळी सरळ होते आणि गंजीत पेंढ्या रचाव्यात तशा या साखळ्या एकमेकींना घट्ट लागून बसतात. हा सेल्युलोज. वाऱ्यात धाट उभं राहतं ते बऱ्याच अंशी याच्या जोरावर.

आता आपली लाळ. तिच्यात अमायलेज नावाचं प्रथिन आहे. भाकरीचा घास सावकाश चावला तर गोडसर लागतो, ती याचीच करामत. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनाचे मणी. अशा 496 मण्यांची ही साखळी, घड्या पडून तिचा गोळा होतो आणि त्या गोळ्यात एक खाच राहते. स्टार्च त्या खाचेत बसतो आणि तुटतो. सेल्युलोज बसतच नाही.

आणि बैल? खरं सांगायचं तर कडबा बैलालाही पचत नाही! त्याच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यातले सूक्ष्मजीव तो फोडतात. त्यांच्याकडची प्रथिनं वेगळ्या खाचेची. पुढे ते सूक्ष्मजीवच बैलाच्या पोटात पचतात आणि त्याला प्रथिनं पुरवतात.

अशी खाच साखळीच्या घड्यांतून घडते. प्रथिनाच्या साखळीला कुठल्या कोनात वळता येतं, कुठल्या नाही, याचा नकाशा शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 साली मद्रासहून मांडला. प्रथिनाची रचना तपासताना जगभर आजही तो काढतात. त्यांना नोबेल मिळालं नाही. मिळायला हवं होतं, असं मला वाटतं.

तर भाकरीकडे येऊ. गव्हाची कणीक मळली की त्यातली प्रथिनं ग्लूटेनचं जाळं धरतात, म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीतलं मुख्य प्रथिन काफिरिन. ते बारीक गोळ्यांत बंद असतं, पाण्याला दाद देत नाही, जाळं धरत नाही. म्हणून काठवटीत पिठावर आधणाचं पाणी ओतायचं. उष्णतेनं स्टार्चचे कण फुगतात, चिकट होतात आणि भाकरी थापण्याजोगी होते. प्रथिनाची उणीव स्टार्च भरून काढतो, आणि हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्राशिवाय ठाऊक होतं.

काफिरिनमध्ये लायसिन हे अमिनो आम्ल फार कमी. तुरीच्या डाळीत ते भरपूर, पण तिच्यात मिथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल तोकडं. भाकरी आणि वरण एका ताटात आलं की दोघांचं भागतं. नुसती भाकरी-चटणी रोज खाणाऱ्या लेकराचं मात्र भागत नाही, एवढं घरातल्या मोठ्यांनी ध्यानात ठेवावं.

शिळी भाकरी कडक का होते, तेही यातच आलं. गार होताना स्टार्चच्या साखळ्या पुन्हा जवळ येऊन रांगेत बसतात. त्यातला काही भाग मग अमायलेजलाही दाद देत नाही. तो थेट मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू त्यावर जगतात.